प्रवचनातली बावीस मिनिटं

आमच्या ऑफिसात वर्षातून दोनदा आगीची खोटी घंटा वाजते. पाचव्या मजल्यावरची चाळीस माणसं कुरकुरत, कोट चढवत जिना उतरतात आणि खाली हॅलिफॅक्सच्या हाडात शिरणाऱ्या वाऱ्यात उभी राहतात. डोकी मोजली की एकोणचाळीस भरायची. चाळिसावा मर्ल कॉर्कम. तो वर बसलेला असायचा, कारण हातातली ओळ पुरी व्हायची राहिलेली असायची. एकदा घंटा खोटी नव्हती, तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात खरंच धूर झाला होता, तरी हा बाबा सहा मिनिटांनी खाली उतरला. मी त्याला तिथेच फैलावर घेतलं.

"जळून मेला असतास म्हणजे?"

"अगं, ओळ अर्धी टाकली तर परत आल्यावर पहिल्यापासून विचार करावा लागतो."

"मेल्यावर परत येणार होतास का?"

त्यावर त्याने खरोखर विचार केला आणि म्हणाला, "तेही आहेच." असा माणूस. त्याच्याशी भांडायचं म्हणजे उशीशी भांडायचं.

मी आर्डिथ निकल. त्याच्या समोरच्या टेबलावर एकोणीस वर्षं काढली. दुसऱ्यांनी केलेलं काम मोडून बघायचं आणि मोडलं की त्यांच्या तोंडावर सांगायचं, ही माझी नोकरी. या नोकरीत माणूस गोड राहत नाही, मीही राहिले नाही. मर्लचं काम त्याहून वाईट. आमचं ऑफिस ब्रॅम्बल नावाची प्रोग्रामिंगची भाषा सांभाळतं. तिच्या इंजिनात कुठे काही कुरकुरलं की ते मर्लच्या टेबलावर यायचं. एखादा हुशार पोरगा यायचा, काहीतरी मोठं बांधायचा, वाहवा घ्यायचा आणि दोन वर्षांत दुसरीकडे निघून जायचा. मग त्याचं गळकं छप्पर मर्ल शाकारायचा. एकतीस वर्षं हेच. ब्रॅम्बलमध्ये मर्लने दुरुस्त केलं नाही असं पान नव्हतं, आणि हे माझं म्हणून दाखवावं असं एक पान त्याच्याकडे नव्हतं.

अकरा चाळीसला तो डबा उघडायचा. डब्यात व्हिनेगरमध्ये मुरवलेली हेरिंग मासळी आणि कांदा. आम्ही सगळे किनाऱ्यावरचेच, हेरिंगवर वाढलेले, पण बंद खोलीत, ऐन फेब्रुवारीत, रोज? मी उठून खिडकी उघडायची, तो मुकाट्याने स्वेटर चढवायचा. लग्न केलं नव्हतं त्याने, त्यामुळे सवयी सोडवायला कुणी नव्हतं. मी प्रयत्न केला, जमलं नाही.

त्याचं गाव झ्विकर्स कोव्ह, ऑफिसपासून गाडीने तासाभरावर. तिथल्या लहानशा चर्चचा जुना ऑर्गन उंदरांनी संपवला. भात्याचं चामडंच खाल्लं. पाळकसाहेब म्हणाले, आता टेप लावून गाऊ. मर्लला ते सोसेना. त्याने ऑर्गनचं लाकडी अंग, पट्ट्या आणि ओढली की आवाजाची जात बदलते त्या खुंट्या होत्या तशा ठेवल्या आणि पोटात एक जुना लहानसा कॉम्प्युटर बसवला. शेजारच्या गावातल्या ऑर्गनचे सूर एकेक करून टिपून आणले आणि पट्टी दाबली की तो सूर वाजवणारा प्रोग्राम लिहिला, तोही ब्रॅम्बलमध्ये. मी हसले तर म्हणाला, "आपल्या बेकरीचा पाव आपणच नाही खायचा, तर कुणी खायचा?"

ऑर्गन वाजवायच्या व्हेल्मा हिमलमन. वय एकोणऐंशी, पाठ ताठ, बोटं अजून चपळ. मर्ल सात वर्षांचा असताना रविवारच्या शाळेत त्यांनीच त्याला शिकवलं होतं, आणि अजूनही तो सात वर्षांचाच आहे अशा त्या त्याच्याशी बोलायच्या. पहिल्या रविवारी त्यांनी वाजवलं, मंडळी गायली, आणि दुसऱ्या कडव्याच्या मधोमध ऑर्गनला उचकी लागली. सूर तुटला, जुळला, पुन्हा तुटला.

"मर्ल," उपासना संपल्यावर व्हेल्माबाई म्हणाल्या, "उंदीर बरे होते."

ही उचकी कशाची ते सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. ब्रॅम्बलचं इंजिन प्रोग्राम वाचत वाचत कामं करतं, नवखी बाई पुस्तकात बघत बघत स्वयंपाक करते तसं. एखादी गोष्ट वारंवार करावी लागली की इंजिनात बसलेला कंपाइलर ती पाठ करून टाकतो. मग पुस्तक लागत नाही, हात आपोआप चालतो आणि वेग दहापट होतो. पण पाठ करायलाही ताकद लागते. मोठ्या कॉम्प्युटरला ती जाणवत नाही, ऑर्गनच्या पोटातल्या त्या म्हाताऱ्या डब्याला जाणवायची. गाणं रंगात आलं, तेच सूर चार वेळा आले, की कंपाइलर पाठांतराला बसायचा आणि तेवढ्यात सूर तुटायचा.

मर्लने त्या हिवाळ्यात ब्रॅम्बलमध्येच दोन नवे हुकूम घातले. एक, पाठांतर थांबव. दुसरा, पाठांतर पुन्हा सुरू कर. बाकी प्रोग्राम आपला चालूच. लिहायला चार महिने लागले, आणि त्या चार महिन्यांत मी त्याला शीळ घालताना ऐकलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. पहिलं त्याचं स्वतःचं पान होतं ते. मी ते सतरा वेळा मोडलं. सतरा वेळा मी चिठ्ठी पाठवली, सतरा वेळा त्याने "छान सापडलं" असं उत्तर लिहिलं आणि दुरुस्त केलं. अठराव्या वेळी मला ते मोडता येईना. मोठ्या मनाने सांगते, मला बरं वाटलं.

मग आडवा आला रेमी डेव्हो. रेमी आमचा नवा प्रमुख, केप ब्रेटनचा, वय पस्तीस. पोरगा वाईट नाही, उलट फारच नीटनेटका. त्याच्या टेबलावर एक पेन असतं, एक. एप्रिलमध्ये त्याने मर्लला बोलावलं. दार उघडं होतं आणि माझे कान चांगले आहेत.

"मर्ल, हे थांबवणं जगात कुणाला हवंय?"

"आमच्या चर्चला."

"आणखी?"

"आणखी ठाऊक नाही."

"बघा, एक बटण वाढलं की मोडायच्या जागा दहा वाढतात. जूनच्या पहिल्या शुक्रवारी नव्या आवृत्तीत भर घालणं बंद होतं. त्याआधी हे खऱ्या कामात नीट चाललेलं मला दाखवा. नाहीतर मी काढून टाकतोय. राग नका मानू."

"नाही, राग कसला," मर्ल म्हणाला. "बरं."

तो येऊन टेबलाशी बसला. अकरा चाळीस झाले, बारा झाले, डबा काही उघडला नाही. तीस जूनला तो निवृत्त होणार होता. म्हणजे या आवृत्तीत गेलं तर गेलं, नाहीतर एकतीस वर्षांतलं एकुलतं एक स्वतःचं पान कचऱ्यात. हे त्याला कळत होतं आणि मला कळत होतं. साडेबाराला मीच म्हटलं, "खा रे बाबा. खिडकी मी आधीच उघडलीय."

ठरलं असं की मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी रेमीने झ्विकर्स कोव्हला यायचं. त्या दिवशी चर्चमध्ये उपासनेनंतर हॅमचं जेवण असतं, त्यामुळे मीही गेले. हॅमला मी नाही म्हणत नाही. मर्लने आदल्या शनिवारी संध्याकाळीच ऑर्गन सुरू करून ठेवला होता. दर शनिवारी करायचा तसं त्याने कंपाइलरला पाठ करायला दिलं. म्हणजे त्याला येणारं एकच गीत दोन बोटांनी चाळीस वेळा वाजवलं. कंपाइलरने ते गिळलं, पचवलं. मग सकाळी मर्लने पाठांतर थांबवलं आणि कोट घालून तिसऱ्या बाकावर आमच्या शेजारी येऊन बसला. मानेला कॉलर घट्ट होत होती, तो बोट घालून ती ओढत होता.

पहिलं गीत सुरेख झालं. उचकी नाही, काही नाही. रेमीने माझ्याकडे बघून मान हलवली. मर्लचे हात गुडघ्यांवर होते, ते जरा सैल पडले.

दुसऱ्या गीताला व्हेल्माबाईंनी कर्ण्याची खुंटी ओढली. सणाचा दिवस, जेवणाचा दिवस, कर्णा हवाच. पण मर्लच्या त्या एका गीतात कर्णा नव्हता. पायाखालच्या मोठ्या पट्ट्या नव्हत्या. चार बोटं एकदम नव्हती. कंपाइलरने हे कधी पाठ केलं नव्हतं आणि आता त्याला पाठ करायची मनाई होती. बिचारं इंजिन पुस्तकात बघत बघत वाजवायला लागलं. सूर मागे पडला, आधी एका श्वासाने, मग पुरत्या ओळीने. मंडळी पुढे, ऑर्गन मागे. काही जणांनी ऑर्गनसाठी थांबून पाहिलं, काही जणांनी जोर लावून त्याला ओढायचं पाहिलं. शेवटी गाणं संपलं, पाळकसाहेबांनी प्रार्थनेला डोळे मिटले, आणि कर्णा आपली राहिलेली ओळ एकटाच वाजवत बसला. मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं.

मर्लचा चेहरा बघवेना. आणि मला माझाच राग आला, कारण चूक त्याची एकट्याची नव्हती. मी जे सतरा वेळा मोडलं, अठराव्यांदा पास केलं, ते कशावर? त्याने मला दिलेल्या त्याच गीतावर. एकदाही म्हटलं नाही की अरे, दुसरं काही वाजवून दे. मोजमापाचं काम करणाऱ्या आमच्या जातीला हा रोगच आहे. एकच चाचणी पुन्हा पुन्हा लावतो, आकडे सुधारत जातात, आणि आम्ही खूश. मशीन त्या चाचणीत हुशार झालेलं असतं, बाकी ढ. एकोणीस वर्षं मी हे नव्या पोरांना शिकवतेय.

जेवणाच्या हॉलमध्ये लांब टेबलं लावली होती. हॅम, बटाटे, घेवडा, गुळाचा तपकिरी ब्रेड. रेमीने ताट वाढून घेतलं, पण तो मर्लच्या शेजारी अवघडून बसला होता.

"पहिलं गीत मस्त झालं," तो म्हणाला.

"पहिलं झालं," मर्ल म्हणाला.

"मर्ल, तुम्हाला माहितेय मला काय म्हणायचंय."

"माहितेय. शुक्रवारला बारा दिवस आहेत. पुढच्या रविवारी पुन्हा येशील?"

रेमीने काटा खाली ठेवला. "बरं, येईन. पण हे शेवटचं."

तेवढ्यात व्हेल्माबाई हातात रुबार्बच्या पायची, त्या आंबटगोड भाजक्या पक्वान्नाची, बशी घेऊन आल्या आणि मर्लच्या समोर खुर्ची ओढून बसल्या. आम्हाला वाटलं आता उंदरांचं निघणार. पण त्यांनी आधी पायचा घास घेतला आणि मग विचारलं, "हे जे थांबवतोस ते किती वेळ?"

"सगळा वेळ, व्हेल्माबाई. तुम्ही बसल्यापासून उठेपर्यंत."

"पाळकसाहेब बोलत असतात तेव्हासुद्धा?"

"हो."

"का?"

रेमीने घास चावायचं थांबवलं.

"अरे वेड्या," बाई म्हणाल्या, "त्यांचं प्रवचन बावीस मिनिटं चालतं. तेवढ्यात मी पुढचं गीत काढते, चष्मा पुसते, बोटं मोकळी करते, एकदा तर स्वेटरची बाही विणून झाली. आणि तुझं यंत्र बावीस मिनिटं हातावर हात ठेवून बसतं? त्याला सांग की तेव्हा पाठ कर."

"पण तेव्हा काही वाजतच नसतं, बाई. वाजलं तरच त्याला कळतं की काय पाठ करायचं."

"आधी वाजलं होतं ना? पहिल्या गीतात? मला तर पहिल्या गीतात कुठे चुकले ते प्रवचनभर आठवत असतं."

मर्लने पायच्या बशीकडे बघितलं, मग छताकडे. मग तो उठला. ताट अर्धं टाकून. हॅम, बटाटे, सगळं. एकोणीस वर्षांत मी त्याला काहीही अर्धं टाकताना पाहिलं नव्हतं. तो चर्चमध्ये जाऊन ऑर्गनच्या मागे गुडघे टेकून बसला. मी त्याचं हॅम खाल्लं, वाया कशाला घालवायचं.

सोमवारी सकाळी त्याने मला फळ्यापाशी बोलावलं. त्याच्या पहिल्या लिखाणात थांब म्हटलं की कंपाइलर पुरता झोपायचा. पाठ तर करायचा नाहीच, पण काय वारंवार वाजतंय हेही बघायचा नाही. "थांबवायचं ते पाठांतर," मर्ल म्हणाला. "नजर कशाला थांबवायची? बघत राहू दे, यादी करू दे. पुन्हा सुरू म्हटलं की यादीतलं पाठ करायला घेईल."

"आणि पाठ करता करता पुन्हा थांब म्हटलं तर?"

"हातातलं एक पुरं करील, मग थांबेल."

"म्हणजे तुझ्यासारखं."

"अर्धं टाकलं तर पहिल्यापासून करावं लागतं, आर्डिथ."

रेमीचं म्हणणं अर्धं टाका. हुकूम दिला की लगेच थांबलं पाहिजे, लोक वाट बघत बसणार नाहीत. मर्लने मोजून दाखवलं, हातातलं पुरं करायला त्या डब्याला फार तर तीन सेकंद लागतात. मग प्रश्न आला की पाळकाच्या आमेनपासून पहिला सूर लागेपर्यंत वेळ किती? मर्लने व्हेल्माबाईंना फोन लावला. त्यांनी स्वयंपाकघरातल्या घड्याळासमोर बसून, टेबलावर हात ठेवून, आमेन म्हणून बघितलं. "चार," त्या म्हणाल्या. "आणि माझ्या गुडघ्याचा दिवस वाईट असेल तर पाच."

मी त्या आठवड्यात सूड उगवल्यासारखी चाचण्या करत होते. गीतांचं सबंध पुस्तक वाजवलं. बाई दर रविवारी गीतं बदलतात, खुंट्या बदलतात, मध्येच थांबतात, पान उलटताना एखादी पट्टी दाबलेली राहते, ते सगळं केलं. तीन ठिकाणी मोडलं, शुक्रवारपर्यंत मर्लने तिन्ही सुधारली. ऑर्गनवर बासरीची एक खुंटी होती, ती कुणी वापरत नसे. ती थांब-चालूची केली. ओढली की थांब, ढकलली की चालू.

रविवारी रेमी एकटाच गाडी चालवत आला. उपासना सुरू व्हायच्या आधी मंडळी कोट काढत, गप्पा मारत येतात, तेव्हा बाई काहीबाही वाजवत असतात आणि कुणी ऐकत नाही. त्या वेळात कंपाइलर मोकळा होता, उचक्या लागल्या त्या कुणाच्या कानावर गेल्या नाहीत. मग बाईंनी बासरीची खुंटी ओढली. पहिलं गीत बरं झालं. दुसऱ्यात कर्णा जरासा मागे राहिला. रेमीने ओठ आवळले. मर्लने डोळे मिटले होते, तो प्रार्थना करत होता की काय मला माहीत नाही, मी करत होते.

मग प्रवचन. बाईंनी खुंटी आत ढकलली. कुणीतरी पाळकसाहेबांच्या कानावर घालून ठेवलं असावं की आज तुमच्या बोलण्याची गरज आहे, कारण बावीसच्या जागी त्यांनी एकतीस मिनिटं घेतली. बायबलातल्या पेरणाऱ्याच्या दाखल्यापासून निघाले ते गावातल्या रस्त्यावरच्या खड्ड्यांपर्यंत गेले. रेमीला डुलकी लागली, मी कोपराने ढोसलं. ऑर्गनच्या पोटातून पंख्याचा बारीक आवाज येत होता, एरवी कधी येत नसे. म्हणजे डबा कामाला लागला होता. मर्ल तो आवाज ऐकत होता आणि त्याच्या कॉलरकडे हात जात नव्हता.

आमेन. खुंटी ओढली. एक, दोन, तीन. पंखा शांत झाला. चौथ्याला बाईंनी कर्णा लावला.

काय सांगू, सूर असा लागला की पुढच्या बाकावरचे आजोबा दचकले. चारही कडवी, एकाही जागी अडखळणं नाही. शेवटच्या कडव्याला मी स्वतः गायले, आणि मी गात नाही. मर्ल उभा होता, गीताचं पुस्तक उघडं, पण तोंडातून शब्द येत नव्हता, नुसते ओठ हलत होते. रेमी त्याच्याकडे झुकून म्हणाला, "चाललं." एवढंच.

बाहेर आल्यावर मला वाटलं झालं, सुटलो. पण सोमवारी बैठकीत आम्ही दहा जण बसलो होतो आणि रेमीने कागद पुढे ओढला. "मर्लचं काम चालतं. मी पाहिलंय. मला घ्यायचंय. पण वर नाव कुणाचं घालू?"

आमच्याकडे रीत आहे. ब्रॅम्बलच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर ते सांभाळणाऱ्या माणसाचं नाव असतं. तक्रार आली की त्याच्या दारात जाते. ज्या पानाला सांभाळणारा नाही ते ठेवत नाहीत, कितीही चांगलं असो. रीत रेमीची नाही, माझ्याही आधीपासूनची आहे. मर्ल तीस जूनला जाणार.

"कोण घेतं?" रेमीने विचारलं.

सात माणसं आपापल्या कपात बघायला लागली. ही सगळी मर्लने ज्यांची छपरं शाकारली ती माणसं. प्रत्येकाची काहीतरी लाज त्याने झाकलेली. एक म्हणाला, माझ्याकडे आधीच चार पानं आहेत. एक म्हणाली, पुढच्या वर्षी बघता येईल. मर्ल म्हणाला, "असू दे, नसेल जमत तर राहू दे. एक चर्च तर आहे." आणि हसला. खरंच हसला, समजूतदारपणे, आणि त्या हसण्याने माझं डोकं फिरलं.

"माझं नाव घाल," मी म्हटलं.

रेमी म्हणाला, "आर्डिथ, तुम्ही टेस्टर आहात."

"मग? या मेल्या पानाला वीस वेळा मीच मोडलंय. कुठे मोडतं ते इथे माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?"

"तुम्ही इंजिनात कधी एक ओळ लिहिली नाहीत."

"चार आठवडे आहेत. हा शिकवील."

मर्ल माझ्याकडे बघत राहिला. "तुला वैताग येईल," तो म्हणाला.

"तुझ्यासमोर एकोणीस वर्षं बसले, आणखी वैताग कसला यायचाय?"

रेमीने नाव लिहिलं. कप खाली ठेवायचे आवाज झाले, सगळ्यांना जरा मोकळं वाटलं. मी जागेवर जाऊन इंजिनाचं पहिलं पान उघडलं आणि लगेच बंद केलं, खोटं का बोलू. त्रेपन्नाव्या वर्षी मी हे काय अंगावर घेतलं होतं?

चार आठवडे त्याने शिकवलं आणि मी रडकुंडीला आले. तो एक ओळ समजावायचा, मी दुसरी मोडायचे. पण शिकले. तीस जूनला केक कापला, मर्लने दोन वाक्यांचं भाषण केलं, खोकं उचललं आणि गेला. जुलैपासून दर मंगळवारी साडेअकराला त्याचा फोन येतो. आधी हवा विचारतो, मग माझी तब्येत, मग अगदी सहज विचारल्यासारखं म्हणतो, "कुणाची काही तक्रार?"

"नाही रे. एकही नाही."

"बरं आहे," असं म्हणायचा, पण आवाज पडायचा. मला कळायचं. तक्रार नाही म्हणजे चांगलं चाललंय, हा एक अर्थ. आमच्या धंद्यातला दुसरा अर्थ असा की कुणी वापरतच नाहीये. जुलै गेला, ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. नाही, नाही, नाही. मला खोटं सांगायचा मोह झाला होता, पण मर्लने दुसऱ्या मिनिटाला पकडलं असतं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या मंगळवारी मी फोनची वाट न बघता स्वतःच लावला, सव्वाअकराला.

"काय झालं?" तो घाबरला.

"तक्रार आलीय. पार मॅनिटोबातून. एक माणूस बाहुल्यांचे खेळ करतो, बाहुल्यांचे हात ब्रॅम्बलवर चालतात, खेळ चालू असताना पाठांतर थांबवतो. परवा त्याने चुकून दोनदा थांब म्हटलं आणि एकदाच सुरू म्हटलं, तर ते सुरूच झालं नाही. सगळा खेळ बाहुल्या पेंगत होत्या, पोरं ओरडत होती. फार चिडलाय."

पलीकडे रेडिओ बंद केल्याचा खटका ऐकू आला.

"ऐकतोयस ना?"

"काय लिहिलंय त्याने? त्याच्या शब्दांत वाच."

मी वाचलं. "'दोन थांबांना दोन सुरू लागतात हे कुठल्या गाढवाच्या डोक्यातून निघालं? माझी साठ मुलांसमोर फजिती झाली. हे ताबडतोब सुधारा, कारण याच्याशिवाय माझा खेळ चालत नाही.'"

"गाढव म्हणतोय?"

"गाढव म्हणतोय."

"आणि शेवटचं काय? याच्याशिवाय?"

"'याच्याशिवाय माझा खेळ चालत नाही.'"

मर्लने नाक ओढलं. मग खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, बसला असावा.

"आर्डिथ," तो म्हणाला, "पुन्हा वाच. सावकाश."

मी पहिल्यापासून वाचलं.